दोर, सुकाणू आणि पहिली ट्रिप : शिकाऊ डेकहँडांचे प्रश्न

मागच्या अंकात जहाजाच्या डेकवरच्या, म्हणजे डेकहँडच्या, नोकरीबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. निम्म्या लोकांनी एकच विचारलंय, सुरुवात कुठून करायची, त्याचं उत्तर खाली एकदाच देतो. बाकीचे निवडताना मी सरळ पक्षपात केलाय, जे आधीच जहाजावर चढलेत त्यांना जास्त जागा दिलीय कारण घाई त्यांना आहे. मी स्वतः ओएस म्हणून चढलो आणि बोसन होऊन उतरलो, त्यामुळे इंजिनरूमचं काही विचारू नका, तिथे मी फक्त थंडीत हात शेकायला जायचो.

प्रश्न : काका, मला डेकहँड व्हायचंय. कोर्स कोणते, आणि ट्रेनी, ओएस, एबी, बोसन ही काय भानगड आहे?

भानगड काही नाही, शिडी आहे. सगळ्यात खाली ट्रेनी म्हणजे शिकाऊ, मग ओएस म्हणजे ऑर्डिनरी सीमन, मग एबी म्हणजे एबल सीमन, आणि त्यांच्या डोक्यावर बोसन, ज्याला जुनी माणसं सारंग म्हणायची. बोसनला कामं वाटून देतो चीफ ऑफिसर, आणि बोसन ती आम्हाला वाटतो, कधी गोड बोलून कधी ओरडून.

जगभर एकच माप लागावं म्हणून एसटीसीडब्ल्यू नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, 1978 चा, त्यात 2010 मध्ये मनिलाला मोठे बदल झाले. त्यानुसार जहाजावर चढायच्या आधी बेसिक सेफ्टीचे चार भाग करावे लागतात : पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, आणि जहाजावर सुरक्षित वागणं-बोलणं. शिवाय सिक्युरिटीचा एक छोटा कोर्स. पहिल्या दोन भागांची दर पाच वर्षांनी उजळणी असते. तलावात लाइफजॅकेट घालून वरून उडी मारायची आणि उलटी झालेली लाइफराफ्ट एकट्याने सरळ करायची, ती सरळ होताना तुझ्याच अंगावर येते आणि क्षणभर अंधार होतो, घाबरू नकोस, खालून पाठीवर सरकत बाहेर यायचं, इतकंच.

त्यानंतर खरं शिक्षण जहाजावर. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी करायचं सर्टिफिकेट मिळायला वय निदान 16 आणि समुद्रावरचा निदान सहा महिन्यांचा अनुभव लागतो, किंवा मान्य ट्रेनिंग केलेलं असेल तर निदान दोन महिने. एबीच्या सर्टिफिकेटला वय 18, आणि वॉचचं सर्टिफिकेट मिळाल्यावर डेकवर आणखी 18 महिने, मान्य ट्रेनिंग असेल तर 12. कोर्स किती दिवसांचा आणि कुठे हे प्रत्येक देशाचं सागरी खातं ठरवतं, त्यांच्या मान्य संस्थांची यादी बघूनच अ‍ॅडमिशन घे, भिंतीवरच्या जाहिराती बघून नको.

आणि सगळ्याच्या आधी मेडिकल कर. चष्मा चालतो, मर्यादेत असेल तर, फक्त दुसरी जोडी बॅगेत ठेवायची. पण लाल-हिरवा ओळखता येत नसेल तर डेकवर जमत नाही, कारण रात्री समोरच्या जहाजाची डावी बाजू म्हणजे लाल दिवा आणि उजवी म्हणजे हिरवा, त्यावरूनच ते कुठे चाललंय ते कळतं. रंग दुरुस्त करणाऱ्या लेन्स घालून टेस्ट पास करू असं कोणी सुचवलं तर ऐकू नकोस, तसली टेस्ट धरतच नाहीत. कोर्सचे पैसे भरून मग डोळ्यात नापास झालेली दोन मुलं मला माहीत आहेत, म्हणून सांगतो, आधी डोळे.

प्रश्न : मुलगा 17 वर्षांचा आहे, ट्रेनी म्हणून जातोय. त्याला रात्री कामाला लावतील का? किती महिने बाहेर ठेवतील? झोप लागत नाही मला.

ताई, तुमची काळजी बरोबर आहे पण नियम तुमच्या बाजूने आहेत. सागरी कामगारांचा एमएलसी 2006 करार 2013 पासून लागू आहे, त्यात 16 च्या खालच्याला जहाजावर घेताच येत नाही आणि 18 च्या खालच्याला रात्रीचं काम नाही. रात्र म्हणजे निदान नऊ तासांची, मध्यरात्रीच्या आत सुरू होणारी आणि पहाटे पाचच्या आधी न संपणारी. एक पळवाट आहे, मान्य ट्रेनिंगचा भाग म्हणून रात्रीचं वॉच शिकवायचं असेल तर परवानगी असते, आणि खरं सांगू का, ते शिकायलाच हवं, अंधारात दिवे बघायला दिवसा कोण शिकणार.

मेडिकल सर्टिफिकेट मोठ्यांना दोन वर्षं चालतं, त्याला 18 होईपर्यंत एकच वर्ष. सलग बारा महिने जहाजावर ठेवता येत नाही, त्याच्या आत रजा द्यावी लागते, आणि करार संपला की घरी पाठवायचा खर्च मालकाचा. करारपत्राची सही झालेली एक प्रत त्याच्याजवळ आणि तिचा फोटो तुमच्याकडे हवा, एवढं मात्र निघायच्या आधी बसून करा. आणि तीन-चार दिवस फोन आला नाही तर लगेच वाईट मनात आणू नका, मध्यसमुद्रात नेट कधी असतं कधी नसतं.

प्रश्न : एक एजंट म्हणतो थेट जॉइनिंग देतो, "प्लेसमेंट"चे पैसे आधी दे. सोबत जहाजाच्या नावाचं लेटर पण दिलंय. देऊ का?

नको देऊस. एमएलसीमध्ये स्पष्ट आहे, नोकरी लावून द्यायचे पैसे नाविकाकडून घ्यायचे नाहीत, सरळ नाही आणि आडून पण नाही. तुझ्या खिशातून जाऊ शकतं ते मेडिकलचं, सीमन बुकचं (नाविकाच्या ओळखपुस्तकाचं) आणि पासपोर्टचं. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. कोर्सची फी वेगळी, ती संस्थेला पावती घेऊन द्यायची.

आता ते लेटर काढ. त्यावर जहाजाचा आयएमओ नंबर आहे का बघ, सात आकडी असतो आणि जहाजाचं नाव बदललं, मालक बदलला, झेंडा बदलला तरी नंबर बदलत नाही. त्यात एक गंमत आहे : पहिल्या सहा आकड्यांना डावीकडून अनुक्रमे 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुण, सगळ्याची बेरीज कर, बेरजेचा शेवटचा आकडा हा सातवा आकडा असायला हवा. नाही जुळला तर लेटर बोगस, विषय संपला. जुळला तरी लगेच नाचू नकोस, खऱ्या जहाजाचा नंबर चोरून छापणं काय अवघड आहे, इक्वासिस नावाच्या साइटवर फुकट नाव नोंदवून तो नंबर टाक, जहाज कुठल्या प्रकारचं, कोण चालवतंय ते दिसतं, मग त्या कंपनीचा पत्ता स्वतः शोधून त्यांनाच विचार की बाबा हा माणूस तुमचा आहे का.

प्रश्न : जहाजावर येऊन सहा आठवडे झाले. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच नुसतं चिपिंग. गंज काढा, रंग मारा, गंज काढा. ब्रिजवर कोणी बोलवत नाही. मी शिकायला आलोय की हमालीला?

तुझं पत्र वाचून हसू आलं कारण हेच वाक्य मी पण म्हटलेलं, आणि ते बोसनच्या कानावर गेलेलं, मग पुढचे दोन आठवडे अजून चिपिंग.

पण हमाली म्हणू नकोस. लोखंडाचं जहाज खाऱ्या पाण्यात म्हणजे रोज थोडं थोडं विरघळणारी वस्तू आहे. गंज आला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो, फुगा फुटतो, आत अजून पाणी जातं. वरून नुसता रंग फासला की दिसायला छान आणि आत पोखरणं चालूच. म्हणून हातोडी किंवा नीडल गनने (सुयांनी ठोकणाऱ्या यंत्राने) फुगलेलं सगळं पाडायचं, चमकणारं धातू दिसेपर्यंत, मग कडा वायरब्रशने घासून उतरत्या करायच्या, जुना रंग आणि उघडं लोखंड यांच्यात बोटाला पायरी लागता कामा नये. मग गोड्या पाण्याने धुवायचं, ही पायरी सगळे चुकवतात, मिठाचा थर राहिला की त्यावरचा रंग काही आठवड्यांत परत फुगतो. वाळलं की लगेच प्रायमर, उशीर केला तर दुपारपर्यंत त्यावर नारिंगी झाक येते. पहाटेच्या दवावर रंग मारायचा नाही. एकदा तू हे नीट केलेला चौकोन लक्षात ठेव, खडूने नाही मनात, आणि शेजारी कोणी घाईत केलेला चौकोन पण, दोन महिन्यांनी दोन्ही बघ.

गॉगल आणि कानाचे प्लग काढू नकोस, कितीही उकडलं तरी. नीडल गन सलग चालवली की बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, मधे मधे काम बदलून माग, त्यात लाज नाही.

आता ब्रिजचं. तिथे कोणी बोलवायला येत नाही, आपण जायचं असतं. ट्रेनिंग रेकॉर्ड बुक आहे ना तुझं? त्यात सुकाणू, लुकआउट, झेंडे, दिवे अशी कामं छापलेली असतात आणि प्रत्येकाखाली ऑफिसरची सही लागते. ते पुस्तक घेऊन चीफ ऑफिसरकडे जा, चेहरा रडका करू नकोस, म्हण "सर, या पानावरच्या सह्या रिकाम्या आहेत, पाचनंतर किती वाजता ब्रिजवर येऊ?" येऊ का असं विचारू नकोस, किती वाजता असं विचार. फक्त तुझ्या विश्रांतीचे तास त्यात खाल्ले जाणार नाहीत ते बघ, आणि बोसनला आधी सांग, त्याच्या डोक्यावरून गेलास तर तो ते विसरत नाही, मी स्वतः बोसन होतो, मी पण विसरायचो नाही. ट्रिपच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या सह्या एकदम मागणारी पोरं असतात, त्यांची पुस्तकं भरतात आणि डोकं रिकामं राहतं.

प्रश्न : सुकाणू दिलं की माझं जहाज नागमोडी जातं. ऑफिसर ओरडतो. कंपासवरून नजर काढत नाही तरी असं का होतं?

कंपासवरून नजर काढत नाहीस म्हणूनच. माझी पहिली पाळी सांगतो. कोर्स 214 होता, मी कंपासला चिकटलेलो, 216 दिसलं की डावीकडे सुकाणू, 211 झालं की घाबरून उजवीकडे, मग 219. सेकंड ऑफिसर काही बोलला नाही, दुसऱ्या एबीला सुकाणू देऊन मला ब्रिजच्या विंगवर, म्हणजे बाजूच्या सज्ज्यावर, नेलं आणि मागे बोट दाखवलं. मागच्या पाण्यात पांढरा साप काढला होता मी, लांब क्षितिजापर्यंत. म्हणाला, "एवढं तेल जास्त जळलं." बास, एवढंच.

मोठं जहाज लगेच ऐकत नाही. सोलास या सागरी सुरक्षा कराराच्या नियमानुसार सुकाणूचं पातं एका बाजूच्या 35 अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या 30 पर्यंत यायला 28 सेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकतं, आणि पातं वळलं तरी जहाज वळायला त्याहून उशीर, आणि एकदा वळायला लागलं की थांबायला अजून उशीर. आकडा बदललेला दिसतो तोवर गोष्ट होऊन गेलेली असते. म्हणून पुढच्या मास्टकडे, म्हणजे डोलकाठीकडे, बघ आणि त्याच्या मागे ढग, तारा, किनाऱ्यावरचा दिवा, काहीतरी पकड. मास्ट त्यावरून सरकायला लागली की तुला कंपासच्या आधी कळतं. मग अगदी थोडं सुकाणू दे, दोन-तीन अंश, आणि जहाज परत यायला लागलं की कोर्सवर पोचायच्या आधीच मधे आण, वाटलं तर जरासं उलटं देऊन झोका थांबव. नंतर कंपासवर नजर टाकून खात्री कर. साधारण चार-पाच पाळ्यांत हाताला कळायला लागतं, शब्दात सांगता येत नाही ते.

ऑर्डर मिळाली की ती जशीच्या तशी मोठ्याने परत म्हणायची. "स्टारबोर्ड टेन" (उजवीकडे दहा अंश) म्हटलं की आधी "स्टारबोर्ड टेन" म्हण, मग फिरव, मग पातं खरंच दहावर गेलं का हे इंडिकेटरवर बघ आणि मग सांग की झालं. "स्टेडी अ‍ॅज शी गोज", म्हणजे आत्ता आहे त्याच दिशेला धर, असं आलं तर त्या क्षणाचा आकडा पकडून सांगायचा, एकेक अंक सुटा, झीरो एट टू असा, ब्याऐंशी नाही. ऐकू आलं नाही तर परत विचार, "येस सर" म्हणून अंदाजाने फिरवू नकोस, या एका सवयीने जहाजं जमिनीला लागलेली आहेत. टायटॅनिकच्या वेळी तर ऑर्डरच उलटी असायची, "हार्ड अ स्टारबोर्ड" म्हटलं की जहाजाचं तोंड डावीकडे जायचं, कारण ऑर्डर सुकाणूला जोडलेल्या जुन्या टिलरच्या दांड्याची असायची, आणि दांडा उजवीकडे नेला की जहाज डावीकडे वळतं. 1929 च्या सोलास करारात ठरलं आणि 1930 च्या दशकात ते सरळ झालं, उजवीकडे म्हणजे उजवीकडे. तुमचं नशीब चांगलं.

प्रश्न : मूरिंगला (जहाज दोरांनी धक्क्याला बांधताना) भीती वाटते. सगळे ओरडत असतात, दोर सगळीकडे, मला कळत नाही उभं कुठे राहायचं. भित्रा म्हणतील म्हणून बोललो नाही.

भित्रा नाहीस, डोळे उघडे आहेत तुझे. डेकवर जी माणसं जायबंदी होतात त्यातली खूप जण मूरिंगला होतात. हे उत्तर लांब होणार, बसून वाच.

पहिली गोष्ट दोराचा वेढा. डेकवर सैल पडलेल्या दोराचा जो गोल किंवा वाक असतो त्याला बाइट म्हणतात आणि त्यात पाय ठेवायचा नाही, एक सेकंद पण नाही, ओलांडायला पण नाही. मी तिसऱ्या-चौथ्या बंदरात, हीविंग लाइन, म्हणजे बंदरावर आधी फेकायचा बारीक दोर, गोळा करायच्या नादात, बरोबर त्यात उभा होतो. बोसनने मागून कॉलर धरून असा ओढला की मी पाठीवर आपटलो, शिवी द्यायला तोंड उघडतोय तोवर तो वेढा विंचच्या (दोर ओढणाऱ्या यंत्राच्या) ताणाने सपकन सरळ झाला आणि फेअरलीडच्या (दोर ज्यातून बाहेर जातो त्या कड्याच्या) लोखंडावर जाऊन आपटला. माझा एक बूट निघून तिथेच राहिला होता, तो दोराबरोबर फरफटत गेला, बुटाचं काय झालं ते मी नीट पाहिलंय. बोसनने नंतर फक्त दुसरा बूट दाखवला आणि विचारलं, "हा पण टाकू का?"

दुसरी गोष्ट ताणलेला दोर तुटणं. नायलॉनसारखा दोर तुटायच्या आधी खूप लांबतो, रबरासारखी ताकद साठवतो आणि तुटला की दोन्ही टोकं मागे येतात, नुसती सरळ रेषेत नाही तर रोलर किंवा बिटवरून (दोर गुंडाळायच्या लोखंडी खुंट्यावरून) वळलेला असेल तर तिथून भिरभिरत, कुठे जाईल सांगता येत नाही. यालाच स्नॅप-बॅक म्हणतात. पूर्वी डेकवर पिवळे पट्टे मारून धोक्याची जागा दाखवायचे, आता सल्ला असा आहे की पट्टे मारू नका, कारण माणूस पट्ट्याच्या बाहेर एक फूट उभा राहून स्वतःला सुरक्षित समजतो. ताण आला की सगळा मूरिंग डेकच धोक्याचा समज. नवीन प्रकारचे मजबूत दोर कमी लांबतात म्हणून कोणी बिनधास्त उभा असेल तर तू त्याचं बघून उभा राहू नकोस, ते पण तुटतात आणि तुटायच्या आधी आवाजसुद्धा फारसा करत नाहीत.

मग उभं कुठे राहायचं? हे बंदर दिसायच्या आधी विचारायचं. मूरिंगच्या आधी बोसन किंवा ऑफिसर सगळ्यांना उभं करून कोणता दोर आधी, विंचवर कोण, खूण कोण देणार हे सांगतो, निदान सांगायला हवं. तेव्हाच विचार, "माझी जागा कुठली आणि दोर तुटला तर मी कुठल्या बाजूला जाऊ?" हा प्रश्न मला आयुष्यात तीनच ट्रेनींनी विचारला आणि तिघांनाही मी पुढच्या वेळी माझ्या जवळ घेतलं. खूण एकाच माणसाची पाळायची, पाच जण ओरडले तरी. फक्त "थांबा" कोणीही ओरडू शकतो, तू पण, आणि ओरडलास आणि काही नसलं तर नसू दे.

बिट्सवर आठाचे वेढे घालताना हात बाहेरून ठेवायचा, बोटं दोर आणि लोखंडाच्या मधे नाहीत. स्टॉपर (ताणलेला दोर तात्पुरता धरून ठेवणारा तुकडा) मारताना दोराला दोराचा स्टॉपर आणि वायरला साखळीचा, याची अदलाबदल करायची नाही. विंचच्या ड्रमपासून निदान हातभर नाही तर चांगलं मीटरभर लांब धरायचं. हीविंग लाइनच्या टोकाला जो मंकीज फिस्ट नावाचा गाठीचा गोळा असतो त्यात जड नट किंवा शॅकल भरून लांब फेकणारे महाभाग भेटतील, ते बंदरावरच्या माणसाच्या डोक्यात जातं, असलं करायचं नाही. लांब फेकायचं असेल तर सराव कर, अर्धी गुंडाळी एका हातात अर्धी दुसऱ्यात, आणि डेकवर रिकाम्या वेळी एखाद्या बादलीवर नेम धर. माझा पहिला थ्रो माझ्याच खांद्यावर पडला होता.

प्रश्न : रात्रीच्या लुकआउटला काहीच दिसत नाही, चार तास नुसतं उभं राहायचं. रडार असताना माणूस कशाला?

रडार फायबरची छोटी होडी कधी दाखवतं कधी लाटांत हरवतं. टक्कर टाळायच्या 1972 च्या नियमांमधला पाचवा नियम म्हणतो की डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवायचा, उपकरणं त्याच्या जोडीला. ब्रिजवर आल्यावर डोळ्यांना अंधार पचायला वीस मिनिटं-अर्धा तास लागतो आणि फोनची स्क्रीन एकदा बघितली की परत पहिल्यापासून सुरू, म्हणून फोन केबिनमध्ये. थेट बघण्यापेक्षा जरा बाजूला बघितलं की मंद दिवा लवकर दिसतो, करून बघ.

दिसलं की लगेच सांग, ओळख पटायची वाट बघू नकोस. "स्टारबोर्ड बाजूला एक पांढरा दिवा, दोन पॉइंट" एवढं पुरे, एक पॉइंट म्हणजे सव्वा अकरा अंश. जुन्या पद्धतीत उजवीकडे काही दिसलं की घंटेचा एक टोला, डावीकडे दोन, समोर तीन. 14 एप्रिल 1912 च्या रात्री टायटॅनिकच्या क्रोज नेस्टमधून (मास्टवरच्या पहाऱ्याच्या जागेतून) फ्रेडरिक फ्लीटने तीनच टोले दिले होते. आणि तू चुकून तारा सांगितलास तर ऑफिसर हसेल, हसू दे, उगवता शुक्र तर सगळ्यांनी एकदा तरी जहाज म्हणून सांगितलाय.

प्रश्न : बोट लागते. उलट्या थांबत नाहीत. ही नोकरी माझ्यासाठी नाही का?

नेल्सनला पण लागायची, अ‍ॅडमिरल झाला. कानाच्या आतला तोल आणि डोळे यांचं जमत नाही म्हणून होतं, बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जुळतं. बाहेर येऊन क्षितिज बघ, जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर हलतं कमी, पाणी घोट घोट पीत राहा, पोट पूर्ण रिकामं ठेवू नकोस. गोळी घ्यायची तर हवामान बिघडायच्या आधी, आणि घेतलीस तर वॉचवर सांग कारण झोप येते. पाणीसुद्धा पोटात राहत नसेल तर लपवू नकोस, औषधं ज्या ऑफिसरकडे असतात त्याला सांग.

प्रश्न : आमच्याकडे विश्रांतीच्या तासांचा तक्ता कोणीतरी दुसराच भरतो आणि आम्ही सही करतो. काल मी सोळा तास काम केलं, कागदावर दहा. काय करू?

नियम आधी. कुठल्याही 24 तासांत निदान 10 तास विश्रांती, कुठल्याही सात दिवसांत निदान 77. ते 10 तास जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक तुकडा निदान सहा तासांचा, आणि दोन विश्रांतींच्या मधे 14 तासांपेक्षा जास्त जायला नकोत. आणीबाणीत कॅप्टन हे मोडू शकतो पण नंतर भरपाई द्यावी लागते. तक्त्याची प्रत मागायचा तुला हक्क आहे.

पुस्तकी उत्तर असं की सही करू नकोस. पण ट्रेनीला हे किती जड जातं ते मला माहीत आहे. म्हणून आधी स्वतःच्या वहीत रोज खरे तास लिही, तारखेसकट, पेनने. मग चीफ ऑफिसरला शांतपणे म्हण, "सर, माझ्या वहीत वेगळे आहेत, जुळवून बघायचे का?" बऱ्याचदा एवढ्याने पुढचा तक्ता सुधारतो, कारण बंदरात तपासणीला येणारे इन्स्पेक्टर हेच तक्ते मागतात आणि मूरिंगच्या वेळा लॉगबुकात असतात, खोटं लगेच उघडं पडतं. नाही सुधारला तर जहाजावर तक्रारीची लेखी पद्धत असलीच पाहिजे, तिची प्रत करारपत्रासोबत मिळते, थेट कॅप्टनकडे जाता येतं आणि त्यासाठी त्रास द्यायला बंदी आहे. मी एका जहाजावर हे केलं नाही, सही करत राहिलो, आणि अठराव्या तासाला शिडीवरून पडून मनगट मोडून घेतलं. कागदावर मी तेव्हा झोपलेलो होतो.

प्रश्न : मी मुलगी आहे. डेकवर जमेल का? सगळे म्हणतात ऑफिसर हो, खलाशी नको.

जमेल. संख्या कमी आहे हे खरं, 2021 च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अंदाजात जवळपास 19 लाख नाविकांत बायका 1.28 टक्के होत्या. झोपायची खोली वेगळी द्यावीच लागते. मापाचे हातमोजे, बूट, बॉयलर सूट मिळत नाहीत ही मुलींची खरी तक्रार, डिसेंबर 2024 पासून एमएलसीमध्ये तेही आलंय की साहित्य अंगाच्या मापाचं हवं, म्हणजे मागताना उपकार मागतेय असं समजू नकोस. ढगळ हातमोजा विंचमध्ये ओढला जातो, हा फॅशनचा विषय नाही. ताकदीचं म्हणशील तर दोर ओढायला विंच असते आणि जे एकट्याने उचलायचं नसतं ते पुरुषाने पण उचलायचं नसतं.

प्रश्न : चेन लॉकरमध्ये (नांगराच्या साखळीच्या कोठीत) माझा टॉर्च पडला. वरून दिसतोय. एबी म्हणतो दोन मिनिटात उतरून आण. जाऊ का?

हे पत्र पोचेपर्यंत तू गेला नसशील अशी आशा. जाऊ नकोस. बंद जागेत लोखंडाला गंज धरतो तेव्हा तो हवेतला ऑक्सिजन खातो, आणि चेन लॉकर म्हणजे ओल्या गंजक्या साखळीचा ढीग. बाहेर ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो, आत किती ते मीटर लावल्याशिवाय कळत नाही, वास येत नाही, गुदमरल्यासारखं पण होत नाही, शिडीच्या अर्ध्यात पाय जातात आणि माणूस खाली. मग वरचा त्याला काढायला उतरतो आणि तो पण जातो, असंच होतं बहुतेक वेळा. लाकूड, कोळसा, भंगार भरलेल्या होल्डच्या शिडीवाटेत पण हेच. आधी हवा खेळवायची, मीटरने वेगवेगळ्या उंचीवर मोजायचं, परमिटवर सह्या, दारात एक माणूस जो काहीही झालं तरी आत जात नाही आणि फक्त अलार्म देतो. याचं ड्रिल 2015 पासून दर दोन महिन्यांनी सक्तीचं आहे, पुढच्या ड्रिलला टॉर्च काढून द्या म्हण, परमिट काढलेलंच असेल तर.

प्रश्न : बॅगेत काय घेऊ?

कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. पायात फिट बसणारे जाड मोजे, जास्त. कपाळाला लावायचा टॉर्च. खिशात मावणारी वही आणि दोन पेनं, एक हरवतंच. तीन मीटर साधा दोर, वॉचनंतर बंकवर पडून बोलाइन, क्लोव्ह हिच आणि रोलिंग हिच या गाठी डोळे मिटून बांधायला, आधी उजव्या हाताने मग डाव्या. चाकू मात्र घरून नेऊ नकोस, विमानतळावर काढून घेतात, जहाजावर बोसन देतो.